डोरातली जागा

वसुधाबाईंनी चपला वाळूत काढल्या, पाचवारीचा काठ किंचित उचलला, आणि एक पाय ओंडक्यावर देऊन दुसरा सरळ होडीच्या कडेवर ठेवला. धाकू मेस्त्रीचा हात आपसूक पुढे गेला. गेला होता अडवायला. पण अर्ध्या वाटेत त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने बाईंना आधार दिला. बाई हसून आत उतरल्यासुद्धा.

त्यांचे यजमान, मार्तंडराव वकील, खाली उभे राहून होडीच्या फळ्यांवर बोटं वाजवत होते. अंधेरीहून टॅक्सी करून दोघं मार्व्याच्या काठावर आली होती ती ही होडी बघायला. कोर्टात साक्षीदाराला घेतात तसं वकिलांनी मेस्त्रीला मघापासून फैलावर घेतलं होतं. साग कुठला, खिळे तांब्याचे की लोखंडी, डोलकाठी कधी बदलली. मेस्त्री 'होडी' म्हणे, वकील 'यॉट' म्हणत, आणि दोघांनाही दुसऱ्याचं चुकतंय असं वाटत होतं.

"पाणी घेते का?" वकिलांनी विचारलं.

"वकीलसाहेब, गेल्या पावसात हिच्या पोटात उंदीर शिरलो होतो. तोसुद्धा कोरडो भायर इलो."

वकील हसले. सौदा होणार हे मेस्त्रीला तेव्हाच कळलं. हसलेलं गिऱ्हाईक परत जात नाही, एवढं त्याला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं.

शेवंती चहा घेऊन आली. मेस्त्रीची बायको, अंगाने काटकुळी, केस पिकलेले, पण चाल अजून भरभर. होडीच्या पुढच्या टोकाशी, झापांच्या सावलीत, वसुधाबाई ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या.

"वहिनी, काय सुंदर जागा आहे हो ही!" त्या वरून म्हणाल्या. "इथं बसलं की सगळी खाडी दिसते, पार पलीकडचं मनोरीसुद्धा. तुम्ही तर खूप हिंडला असाल हिच्यातून?"

शेवंतीने कप वर दिला. बशीत सांडलेला थेंब पदराने टिपला.

"नाय ओ बाई. माका होडी लागता."

मेस्त्रीने मान खाली घातली. होडी लागते! लग्न होऊन ती मालवणहून मुंबईला आली तेव्हा वाटेत समुद्र असा खवळला होता की अख्खी आगबोट ओकत होती, आणि ही नवी नवरी डेकवर बसून सुक्या बांगड्याशी भाकरी खात होती. चार बायकांची तोंडं तिने धुतली होती. ही खोटं बोलली ते कुणासाठी, हे मेस्त्रीला सांगायला नको होतं.

गोष्ट अशी होती की धाकू मेस्त्रीच्या वाडीत बांधलेल्या होडीला बाईमाणसाचा पाय लागत नसे. हा नेम त्याच्या बापाचा. बापाने मालवणात पाळला, मुलाने तो पेटीतल्या हत्यारांबरोबर मुंबईला आणला. उतारूंच्या तरीत बायका बसतात, मासळीच्या पाट्या घेऊन खाडी ओलांडतात, ते त्याला चाले. ती तर दुसऱ्याने बांधलेली. आपल्या हातची होडी मात्र सोवळी. एकदा मनोरीच्या एका बड्या गिऱ्हाइकाची सून सहज म्हणून नव्या होडीत चढली, तर मेस्त्रीने भर काठावर असा तमाशा केला की काम हातचं गेलं. पण नाव झालं. 'धाकूची होडी बुडत नाही' असं लोक म्हणू लागले आणि ते ऐकून ऐकून धाकूलाही वाटू लागलं की होडी आपल्या हातामुळे नाही, नेमामुळे तरते.

आणि त्यात डोरा आली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका गोऱ्या साहेबाने मेस्त्रीकडून ही शिडाची होडी बांधून घेतली आणि तिला आपल्या मडमेचं नाव दिलं. मेस्त्रीने जीव ओतून काम केलं. फळ्यांमधल्या फटींत ठोकायला कापसाच्या वाती लागतात; त्या शेवंतीने वळल्या. दुपारभर मांडीवर कापूस घेऊन ती वळत बसे, देवापुढच्या वाती वळाव्यात तशा, फक्त हातभर लांब. मेस्त्री त्या तेलात आणि राळेत बुडवून फटींत ठोके. हाताने वळलेली वात चालत होती. पाय तेवढा चालत नव्हता.

होडी पाण्यात गेली त्या दिवशी मड्डम तोकडा झगा घालून आत चढली. तिच्या मागून तिचं केसाळ कुत्रं चढलं. मेस्त्री हात जोडून काठावर उभा. त्या संध्याकाळी शेवंतीने चुलीपुढे बसल्या बसल्या विचारलं होतं,

"मड्डम बसता, तिचो कुत्रो बसता. माझ्याच पायाक काय घाण लागली आसा?"

माणसाला उत्तर सुचलं नाही की तो आवाज चढवतो.

"ती मड्डम. तू कोण गो?"

शेवंतीने पुन्हा कधी विचारलं नाही. साहेब देश सोडून गेला तेव्हा जाताना डोरा मेस्त्रीलाच देऊन गेला. तेव्हापासून दहा पावसाळे ती या माडांखाली, झापांच्या मांडवात होती. मेस्त्री दरसाल तिला पाण्यात लोटी, एकटाच खाडीच्या टोकापर्यंत फिरवून आणी, आणि पावसाआधी पुन्हा ओढून ओंडक्यांवर चढवी. शेवंती दरसाल नव्या वाती वळून देई. होडी आता कोणाची होती? मेस्त्रीची. मग नेम कोणी मोडायचा? मेस्त्रीनेच. पण ते त्याच्या मनातच आलं नाही, आणि त्याचं आता त्याला वाईट वाटत होतं. इतकंच काय, मागच्या बाजूला रंगवलेलं मडमेचं नावसुद्धा त्याने पुसलं नव्हतं.

"नाव बदलणार हं आम्ही," वकील म्हणाले. "'वसुधा' ठेवणार. चालेल ना मेस्त्री?"

"तुमची होडी, साहेब."

विसार देऊन वकील गेले. आश्विनातल्या पुनवेला मोठी भरती यायची होती; पाणी थेट मांडवापर्यंत चढलं की होडी न्यायची असं ठरलं. मेस्त्रीचे गुडघे गेले होते. दरसाल होडी ओढून काढायची, खरवडायची, तेल द्यायचं, हे आता त्याच्याने होण्यासारखं नव्हतं, आणि दिवाळीनंतर दोघं कायमची गावाला जायची होती. होडी सडण्यापेक्षा कुणाच्या तरी घरी सुखी असावी, असं त्याने मनाशी म्हटलं. लेकीला उजवताना म्हणतात तसंच.

*

मेस्त्रीला एका गोष्टीचा फार तोरा होता. खाडीपलीकडे मनोरीला त्याची कामं चालत. परतायची वेळ ठरलेली नसे. कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला. पण तो उंबऱ्यात पाय ठेवायला आणि शेवंतीने कपात चहा ओतायला एकच गाठ पडे. गाळून ठेवलेला नव्हे, ताजा, वाफाळता. खाडीवरची तर वल्हवणारा लवू त्याच्या गावचाच. त्याला मेस्त्री हे कितीदा तरी ऐकवी.

"माझ्या बायलेक कळता, रे. मी तरीत बसलंय की तिच्या जिवाक कळता."

"पाण्याक इचारता वाटता ती," लवू म्हणे.

"इचारूक कशाक होया? संसार केलेलो आसा!"

आता पुनवेच्या आदल्या दिवशी मेस्त्री होडी साफ करायला आत चढला. शेवंती मालाडच्या बाजारात गेली होती. त्याने तळातली वाळू काढली, दोर तपासले, आणि पुढच्या टोकाखाली जो लहानसा खण होता त्याचं झाकण उघडलं. तो खण साहेबाने मडमेच्या सामानासाठी करून घेतला होता. मेस्त्रीने तो कित्येक वर्षांत उघडला नव्हता.

आत चटईचा एक तुकडा गुंडाळून ठेवलेला होता. त्याच्या आत माडाच्या पातीचा पंखा, कडेला झिजलेला. मिशेरीची डबी. आणि फडक्यात बांधलेला कापूस, त्यात अर्धवट वळलेल्या चार वाती.

मिशेरीची डबी त्याने ओळखली. झाकणाला पोचा पडलेला होता. तो त्याच्याच हातोडीने पडला होता.

ती डबी हातात घेऊन तो उकिडवा बसला. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोला. मनात आलं, किती वर्षं? मांडवाच्या झावळ्या होडीत कधी साचत नसत. वारा उडवून नेतो असं तो समजत होता. वारा! तिच्या पायांनी होडी बाटली असेल तर मग गेली दहा वर्षं ती तरली कशी, हाही प्रश्न त्याला पडला, आणि त्यासरशी बापाचा नेम, लोकांची वाहवा, मनोरीच्या त्या सुनेला केलेला आरडाओरडा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे पोरखेळासारखं उभं राहिलं.

मग त्याने चटईचा तुकडा अंथरला आणि त्यावर बसून पाहिलं.

वसुधाबाई म्हणाल्या ते खरं होतं. जमिनीवरून दिसत नाही ते या उंचीवरून दिसत होतं. खाडीचं तोंड, त्यापलीकडे उघडा समुद्र, आणि समोर मनोरीचा धक्का. धक्क्यावरून लवूची तर नुकतीच सुटत होती. कोण बसलंय, छत्री कोणाची, पाटी कोणाची, सगळं ओळखू येत होतं. तर हळूहळू पाण्याच्या मध्यावर आली. मेस्त्री बघत राहिला. एखाद्या बाईने इथून उतरावं, चूल फुंकावी, आधण ठेवावं, तर तरीतला माणूस चालत दारात येईपर्यंत चहा नेमका उतू जायच्या बेतात येईल.

त्याचा तोरा होडीतल्या होडीत उतरला.

ती इथं बसून त्याची वाट बघत होती. ज्या जागी बसायला त्याने तिला मनाई केली होती, तिथंच बसून. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, ते येईना. त्याने पंखा, डबी, कापूस जसं होतं तसं चटईत गुंडाळलं आणि खणाचं झाकण लावलं. हे आपल्याला कळलंय असं तिला सांगायचं नाही, एवढं त्याने ठरवलं. तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. तेही आपण उघडून बघितलं हे कशाला?

संध्याकाळी ती तांदूळ निवडत असताना तो जवळ जाऊन बसला. इतक्या जवळ तो बसत नसे; तिने सुपातून मान वर केली.

"उद्या होडी जातली," तो म्हणाला.

"म्हायत आसा माका."

"त्याआधी तू बस. टोकापर्यंत जावन येवया. दोघांय."

शेवंतीने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बायलमाणसाचो पाय लागाक नये ना होडीक? तुमीच म्हणतास."

ती थट्टा करत होती की नव्हती, तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"ता ऱ्हवांदे आता."

"उद्या चार माणसा असतली. लवू असतलो, मनोरीचे असतले. त्यांच्यादेखत हाक मारतलास?"

"मारतलंय."

"मगे बगूया," ती म्हणाली, आणि सूप पाखडू लागली. पण त्या रात्री तिने ट्रंकेच्या तळातलं हिरवं लुगडं काढून दोरीवर टाकलं. वास जायला म्हणून, असं म्हणाली.

*

भरती मांडवाला लागली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मनोरीहून चार गडी आले होते, लवूही तर बांधून मदतीला आला होता. सगळ्यांनी खांदा दिला, ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलं, आणि 'हय्या' म्हणता म्हणता डोरा सरकत पाण्यात गेली. मार्तंडराव धोतर गुडघ्यापर्यंत खोचून एखाद्या पोरासारखे टाळ्या पिटत होते. त्यांनी वेसाव्याचा एक तांडेल होडी न्यायला बरोबर आणला होता. तो सुकाणूशी बसला. होडीने कसं वळायचं, कुठं हट्ट करते, हे तांडेलाला दाखवायला मेस्त्री पलीकडच्या धक्क्यापर्यंत बरोबर जायचा होता आणि मग लवूच्या तरीने परत यायचा होता.

मेस्त्रीने आत चढल्याबरोबर पुढच्या खणात डोकावून पाहिलं. खण रिकामा होता, ओल्या फडक्याने पुसून काढलेला.

शेवंती हिरवं लुगडं नेसून आली. पाण्यात घोटाभर उभं राहून तिने होडीच्या टोकाला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. वसुधाबाई आपल्या जागी बसल्या होत्या, त्याच जागी.

"वहिनी, चढा ना तुम्हीपण," त्या म्हणाल्या. "समोरच्या धक्क्यापर्यंत तर जायचंय. मेस्त्रींच्याबरोबर परत याल. आजच्या दिवस मळमळलं तर मळमळलं!"

शेवंतीचा हात होडीच्या कडेवर होता. कुंकवाचं बोट अजून लाल होतं. तिने मेस्त्रीकडे पाहिलं. लुगड्याचा काठ तिने भिजू नये इतकाच वर धरला होता, की चढता यावं इतका, हे मेस्त्रीला पुढे कितीदा आठवून पाहिलं तरी ठरवता आलं नाही.

लवू पाण्यात उभा होता. तो मोठ्याने हसला.

"बाई, मेस्त्रीच्या होडयेत त्यांची बायल? खाडी आटतली!"

मनोरीचे चौघे हसले. त्यांतल्या एकाच्या वहिनीलाच, त्या बड्या गिऱ्हाइकाच्या सुनेला, मेस्त्रीने तमाशा करून खाली उतरवलं होतं. तो सगळ्यांत जोरात हसला. आणि मग सगळे मेस्त्रीकडे बघू लागले, आता मेस्त्री काय बोलतो म्हणून.

शब्द अगदी सोपा होता. 'ये.' एवढंच म्हणायचं होतं. मेस्त्रीने तोंड उघडलं. त्याला त्या मनोरीकराचा चेहरा दिसला, लवूचे पान खाल्लेले दात दिसले, बापाचा काळा पहाडी चेहरासुद्धा दिसला.

"दोर सोडा रे!" तो म्हणाला.

दोर सुटला. होडीची कड शेवंतीच्या हातातून हलकेच निघून गेली.

"माका होडी लागता," ती वसुधाबाईंना हसून म्हणाली, आणि पाण्यातून मागे सरकली.

शीड भरलं. होडी चांगली गेली, एक थेंब आत न घेता. मेस्त्री तांडेलाला काय काय सांगत होता; तो स्वतःचाच आवाज लांबून ऐकावा तसा ऐकत होता. वळून बघायचं त्याला धाडस झालं नाही. धक्क्याला लागल्यावर वकिलांनी त्याला मिठीच मारली, उरलेली रक्कम हातावर ठेवली, आणि वेसाव्याला यायचं आमंत्रण दिलं. मग ती होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली. शीड समुद्रावर बराच वेळ दिसत राहिलं.

लवू तर घेऊन आला तोवर ऊन उतरायला लागलं होतं. मेस्त्री टोकाशी बसला आणि मार्व्याच्या काठाकडे बघत राहिला. माडांखालचा मांडव रिकामा होता. त्याच्या आरपार मागची विहीर दिसत होती. झोपडीवर धूर नव्हता.

"आज चाय तयार असतली ना, मेस्त्री?" लवूने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. तो रोजच विचारी.

मेस्त्री उतरून घराकडे चालू लागला.

दार उघडं होतं. आत शेवंती भिंतीला टेकून बसली होती. हिरवं लुगडं बदललेलं होतं. तिच्या खाली चटईचा तो तुकडा होता, शेजारी पंखा आणि पोचा पडलेली डबी, आणि मांडीवर कापूस. होडीच्या हातभर वाती आता कुणाला लागणार नव्हत्या. ती देवापुढच्या बोटभर वाती वळत होती. ती बसली होती तिथून समोरची भिंत दिसत होती, आणि भिंतीवरची खुंटी.

सावली पडली तशी ती दचकली.

"कधी इलास?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मेस्त्रीला बरं वाटलं असतं. "कळलाच नाय माका."

"आत्ताच."

"बसा. चाय ठेवतंय."

मेस्त्री उंबऱ्यातच बसला. शेवंतीने कापूस बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चुलीतली राख चाळू लागली. निखारा एकही राहिला नव्हता. ती काटक्या मोडून घालत होती, फुंकत होती, आणि तो तिच्या पाठीकडे बघत होता.

त्या दिवशी चहा व्हायला फार वेळ लागला.